दुबईत सात दिवस: ऐकीव काय, खरं काय

शाळांच्या परीक्षा संपतात, मे महिना मोकळा असतो आणि नेमकी तेव्हाच दुबईची पॅकेजं स्वस्त होतात. मग घरात सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. पण दर उतरतात ते तिथल्या हवेमुळे. हे लक्षात न घेता गेलेली कुटुंबं आठवड्यातले निम्मे दिवस हॉटेलच्या खोलीत काढतात. दुबईला जायचं ठरलं की स्थळांची यादी सगळ्यात शेवटी करावी. आधी महिना ठरवावा, मग दिवसातले तास, मग अंतरं. बहुतेक गैरसमज या तिन्हींबद्दलचेच असतात.

‘वाळवंटातलं ऊन कोरडं, त्याचा त्रास होत नाही’

दुबईच्या पाठीला वाळवंट आहे, पण तोंड समुद्राकडे आहे. मे ते सप्टेंबर दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास किंवा त्याच्या वर असतो आणि समुद्राचा दमटपणा त्यात भर घालतो. वाळवंटात रात्री गारवा पडतो, ही समजूतही उन्हाळ्यात किनाऱ्यावर लागू होत नाही. ऑगस्टमध्ये रात्रीही तापमान तिशीच्या खाली फारसं उतरत नाही. दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला तिथे सरकारी बंदी असते. उन्हाची सवय असलेल्या माणसालाही ज्या वेळी सावलीत बसवावं लागतं, त्या वेळी आपण लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन रस्त्यावर असू नये.

शिवाय ग्लोबल व्हिलेज ही जत्रा आणि मिरॅकल गार्डन ही फुलबाग, दोन्ही हंगामी ठिकाणं आहेत. साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच त्यांचा काळ. जाहिरातीत दिसणाऱ्या फुलांच्या कमानी जूनमध्ये नसतात.

मराठी घरांसाठी दिवाळीची सुट्टी कितीतरी सोयीची, त्यातही दिवाळी उशिरा आली तर उत्तमच. नोव्हेंबरात दुपार तिशीच्या आसपास राहते आणि संध्याकाळ बाहेर बसण्यासारखी असते. जानेवारीत कमाल 24 आणि किमान 14 अंशांच्या जवळपास. वाळवंटात रात्री त्याहून गार, म्हणून स्वेटर सोबत घ्यावाच. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळावा. नववर्ष आणि शॉपिंग फेस्टिव्हल एकत्र आल्यामुळे खोल्यांचे दर तेव्हा चढलेले असतात.

‘रमजानमध्ये उपाशी राहावं लागतं’

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो साधारण 8 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल आणि त्यापुढची काही वर्षंही ऐन थंडीत, म्हणजे पर्यटकांच्या भर हंगामात येईल. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्यालाही पडणार. दिवसा उपाहारगृहांपुढे पडदे लावण्याची सक्ती दुबईने 2021 मध्ये काढून टाकली. मॉलमध्ये, हॉटेलात दिवसा जेवण मिळतं. रस्त्यावर, बसस्टॉपवर उघडपणे खाऊ-पिऊ नये एवढं पाळावं. आजूबाजूच्या माणसांनी पहाटेपासून पाणीही घेतलेलं नसतं. दिवसा गर्दी कमी आणि सूर्यास्तानंतर शहर जागं, अशी या महिन्याची वेगळीच मजा आहे. ठिकाणांच्या वेळा बदलतात, त्या आधी पाहून ठेवाव्यात.

‘तेलाचा पैसा, काचेच्या इमारती आणि मॉल, बाकी तिथे काय आहे?’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. कारण त्यापायी लोक शहराचा सर्वांत जिवंत भाग न पाहता परततात, आणि तो भाग आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे.

दुबई मुळात खाडीकाठचं व्यापारी बंदर. समुद्रातून मोती काढायचे आणि विकायचे, यावर ते जगत होतं आणि त्या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. 19 व्या शतकाचा मोठा काळ आखातातला ब्रिटिश कारभारसुद्धा मुंबई सरकारच्या हाताखाली चालत असे. 1930 च्या दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बुडवला. तरी तिथे चालणारा भारतीय रुपया टिकून राहिला. दुबईच्या बाजारात व्यवहार रुपयांत होत आणि 1959 मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, त्यानंतर तिथे रुपयाचं चलन संपलं. आजचा दिरहम 1973 चा.

तेल सापडलं तेही 1966 मध्येच. पण त्याच्या काही वर्षं आधीच दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून गाळाने भरत चाललेली खाडी खोल करून घेतली होती, मोठी जहाजं आत यावीत म्हणून. संयुक्त अरब अमिरातीतल्या तेलाचा बहुतांश साठा अबू धाबीकडे आहे. दुबईच्या आजच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा अगदी किरकोळ उरला आहे. ते शहर व्यापार, बंदर, विमानतळ आणि पर्यटनावर उभं आहे.

म्हणून पहिला पूर्ण दिवस खाडीला द्यावा. सकाळी अल फहीदी वस्तीत जावं. अरुंद बोळ, माती-प्रवाळाच्या भिंती आणि घरांवर चौकोनी वारामनोरे. मनोरा वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. वीज नव्हती तेव्हा या घरांना गारवा मिळायचा तो असा. याच वस्तीत दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे स्थानिक यजमानासोबत जेवता येतं, आणि धर्म, पोशाख, लग्न यांविषयी मनात असेल ते मोकळेपणी विचारता येतं. एरवी आठवडाभरात एकाही अमिराती माणसाशी बोलणं होत नाही, कारण देशाच्या लोकसंख्येत ते दहात जेमतेम एक आहेत.

तिथून चालत कापडबाजारात यावं आणि अब्रा पकडावी. ही लाकडी बोट 1 दिरहममध्ये बर दुबईहून देरा किनाऱ्याला नेते. सुट्टे पैसे हातात ठेवावेत. पलीकडे धक्क्याला गलबतं लागलेली असतात आणि फ्रिज, टायर, पोत्यांचा माल चढत-उतरत असतो. हे पर्यटकांसाठी मांडलेलं दृश्य नव्हे, रोजचा व्यापार आहे. पुढे मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. बुर्ज खलिफा जरूर पाहावा, 828 मीटर उंचीची ती इमारत खरोखर थक्क करते. पण तिथला सूर्यास्ताचा स्लॉट महाग असतो आणि लवकर संपतो. खाडीवरचा सूर्यास्त मात्र एका दिरहमात होतो.

‘शहर लहान आहे, पायी किंवा टॅक्सीने उरकेल’

नकाशावर सगळं जवळ दिसतं, कारण दुबई किनाऱ्यालगत लांब पसरली आहे. देरा ते मरीना हे अंतर सुमारे 35 किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली. समोर दिसणाऱ्या इमारतीत जायचं तरी मध्ये शेख झायेद रोडच्या बारा मार्गिका आडव्या येतात. त्या फक्त पुलावरूनच ओलांडाव्या लागतात. भलतीकडून रस्ता ओलांडला तर दंड होतो.

9 सप्टेंबर 2009 ला सुरू झालेली चालकविरहित मेट्रो यावर उत्तम उपाय आहे. विमानतळाच्या टर्मिनल 1 आणि 3 ला तिची स्थानकं आहेत, टर्मिनल 2 ला नाही. ‘नोल’ कार्ड घ्यावं, ते बसलाही चालतं. स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. त्यात चुकून शिरलेल्या पुरुषाला आणि गाडीत काही खाणाऱ्याला 100 दिरहम दंड आहे, मग ते च्युइंगगम का असेना. मुलांच्या खाऊचा डबा फलाटाबाहेरच उरकून घ्यावा. बुर्ज खलिफाच्या स्थानकावरून दुबई मॉलपर्यंत सुमारे 800 मीटरचा वातानुकूलित पूल चालावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांसोबत जाताना हे आधीच धरून चालावं.

हॉटेल निवडताना याच मेट्रोच्या लाल रेषेजवळ राहणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शेजारच्या शारजात खोली स्वस्त मिळते म्हणून अनेक जण तिकडे उतरतात. तिथे मेट्रो नाही, आणि संध्याकाळी दुबई-शारजा रस्त्यावर वाहनांची जी रांग लागते तिच्यात रोज दीड-दोन तास सहज जातात. वाचलेले पैसे वेळ देऊन फेडावे लागतात.

अबू धाबी ही वेगळी अमिरात, सुमारे 140 किलोमीटर दूर. तिला एक अख्खा दिवस लागतो, आणि तो सोमवार नसावा. लूव्र संग्रहालय सोमवारी बंद असतं. 14 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालेलं बीएपीएस मंदिरही त्या दिवशी दर्शनाला बंद असतं. शेख झायेद मशीद सर्वधर्मीयांना खुली आहे, प्रवेश विनामूल्य, पण आधी नोंदणी करावी लागते. स्त्रियांनी डोकं आणि अंग झाकणारे सैल कपडे घालावेत, पुरुषांनी हाफ पँट घालू नये.

एका दिवशी एकच परिसर, असा नियम ठेवला की आठवडा छान बसतो: खाडी, बुर्ज खलिफा आणि मॉल, मरीना आणि पाम बेट, अबू धाबी, वाळवंट. एक दिवस मोकळा सोडावा आणि शेवटचा खरेदीला द्यावा. वाळवंटात टेकड्यांवरून गाडी उडवणं हीच सफारी, असंही नाही. गरोदर स्त्रिया, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी तो प्रकार करूच नये. त्यांच्यासाठी 225 चौरस किलोमीटरचं संरक्षित वाळवंट क्षेत्र आहे. एकेकाळी निसर्गातून नाहीसा झालेला अरबी ऑरिक्स हा हरिणवर्गीय प्राणी तिथे पुन्हा कळपाने फिरतो. संथपणे पाहण्यासारखी ती जागा आहे.

‘शुक्रवारी सगळं बंद’, ‘बायकांना बुरखा’, ‘शाकाहाऱ्यांचे हाल’

तिन्ही चूक. जानेवारी 2022 पासून देशात शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी सरकारी कार्यालयं अर्धा दिवस चालतात. दुपारच्या नमाजाच्या वेळी काही दुकानं थोडा वेळ बंद होतात, इतकंच. साडी, पंजाबी ड्रेस, जीन्स सगळं चालतं, समुद्रकिनाऱ्यावर पोहण्याचे कपडेही. बर दुबई आणि करामा भागात डोसा, थाळी, पोळी-भाजी पावलोपावली मिळते. हिंदी बोलून दिवस निभावतो.

कायद्याबाबत मात्र सैलपणा नको. परवानगीशिवाय अनोळखी माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो काढू नयेत. मद्य 21 वर्षांवरील व्यक्तीला परवाना असलेल्या ठिकाणीच मिळतं, रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर पिणं गुन्हा आहे. शारजात तर पूर्ण दारूबंदी आहे.

‘घरचा खाऊ आणि औषधं न्यायला काय हरकत?’

हा मजकूर बॅग भरणाऱ्या व्यक्तीने जरूर वाचावा. खसखस संयुक्त अरब अमिरातीत प्रतिबंधित आहे. आपल्याकडे ती कुठे कुठे असते ते आठवून पाहा: अनारसे, डिंकाचे लाडू, कित्येक घरांचा कांदा-लसूण मसाला. तिथे राहणाऱ्या भावाला दिवाळीचा फराळ न्यायचा असेल तर खसखस न घालता करावा. विड्याची पानंही नेता येत नाहीत.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं यांना तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते, ती ऑनलाइन काढता येते. इतर औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

आणखी एक गोष्ट घरी सांगून निघावी: व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण त्यावरून कॉल लागत नाही. अशा इंटरनेट कॉलवर तिथे निर्बंध आहेत. पोहोचल्याचा फोन आला नाही म्हणून आई-वडिलांनी रात्र काळजीत काढायला नको.

‘सोनं आणलं की सहलीचा खर्च निघतो’

देराच्या बाजारात सोन्याची शुद्धता चोख असते, यात शंका नाही. पण भारताने जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं, तेव्हाच दोन्हीकडच्या भावातला फरक बराच आटला. त्यात तिथला 5 टक्के व्हॅट आणि घडणावळ आलीच. दागिन्यांवरची जी खास शुल्कमाफी ऐकिवात असते, पुरुषाला 20 आणि स्त्रीला 40 ग्रॅमची, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवडाभराच्या पर्यटकाला ती मिळत नाही. बिस्किटं आणि नाणी तर सर्वसाधारण मोफत सामानाच्या मर्यादेतही बसत नाहीत. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचे ताजे नियम पाहावेत आणि आणलेलं सोनं मुंबई विमानतळावर ‘रेड चॅनेल’मध्ये जाहीर करावं.

किरकोळ वाटणारे दोन खर्चही धरून ठेवा. हॉटेल दर खोलीमागे दर रात्री 7 ते 20 दिरहम पर्यटन शुल्क घेतं आणि ते बहुधा पॅकेजमध्ये नसतं. कार्ड वापरताना यंत्र ‘रुपयांत की दिरहममध्ये’ असं विचारतं, तेव्हा दिरहमच निवडावा. रुपयांचा दर दुकानाकडून लावला जातो आणि तो महाग पडतो.

250 दिरहमच्या वरची खरेदी पर्यटक-परतावा योजनेतल्या दुकानातून केली असेल, तर भरलेल्या व्हॅटपैकी 85 टक्के रक्कम थोडं शुल्क वजा होऊन परत मिळते. त्यासाठी खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो. परतीच्या दिवशी विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी परताव्याच्या काउंटरवर जावं, कारण वस्तू पाहायला मागू शकतात आणि बॅग आत गेली की ती दाखवता येत नाही.