मेळघाटचा ताळेबंद

व्यापारी घराण्यांत दिवस मावळला की रोकड मोजली जाते, रोजमेळ लिहिला जातो आणि पेटीतील शिल्लक वहीतील शिलकेशी पडताळली जाते. दोहोंत फरक पडला, तर तो सापडेपर्यंत कर्त्या माणसाला चैन पडत नाही. हीच साधी रीत सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला लावून पाहिली तर काय दिसते? आपल्या वऱ्हाडातच, चिखलदऱ्याच्या डोंगरांत, या प्रश्नाचे उत्तर गेली तीन दशके आपल्यासमोर आहे.

मुक्तागिरीच्या यात्रेला जाणाऱ्यांना परतवाडा परिचित आहे. तेथून घाट चढून गेले की थंड हवेचे चिखलदरा लागते. विदर्भातील पर्यटक तेथे धबधबे आणि ढग पाहून परततात. त्याच्या पलीकडे सेमाडोह, हतरू, काटकुंभ, चुरणी या परिसरात कोरकू समाजाची गावे विखुरलेली आहेत. चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा हा मुलूख म्हणजे मेळघाट. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की यांतील कित्येक गावांचा जगाशी संबंध तुटतो, आणि आजारपण नेमके त्याच महिन्यांत वाढते.

कागदावर या भागासाठी व्यवस्था उदार आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. आदिवासी व डोंगराळ भागांत तो अनुक्रमे ३,००० आणि २०,००० असा शिथिल केलेला आहे. १९९५ साली राज्य शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आणली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. योजनांची उणीव मेळघाटाला कधीच नव्हती.

देखरेखीचीही नव्हती. १९९० च्या दशकात येथील बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. पुढे २००७ साली दाखल झालेल्या जनहित याचिकेवर तर वर्षानुवर्षे सुनावणी होत राहिली. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये, जूनपासूनच्या अवघ्या काही महिन्यांत ६५ अर्भके दगावल्याची माहिती त्याच न्यायालयापुढे आली. न्यायालयाने शासनाच्या उदासीनतेवर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि आरोग्य, आदिवासी विकास, महिला व बालविकास आणि वित्त या चार खात्यांच्या सचिवांना जाब विचारला.

चार खाती हा तपशील महत्त्वाचा आहे. गरोदर मातेची तपासणी आरोग्य खात्याकडे, तिचा आहार अंगणवाडीकडे म्हणजे महिला व बालविकासाकडे, विशेष योजनांचा निधी आदिवासी विकासाकडे आणि त्या निधीची मंजुरी वित्त खात्याकडे. एका बालकाचा जीव चार वह्यांत विभागलेला आहे. प्रत्येक वही आपापल्या परीने जुळते. चारही एकत्र ठेवून ताळा पाहण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे ठरत नाही. ज्या पेढीत चार मुनीम आणि मालक कोणीच नाही, तिची गत आपल्याला वेगळी सांगायला नको.

दुसरी अडचण नोंदीची. २००१ साली डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्यक्षात होणाऱ्या बालमृत्यूंपैकी फार थोडे सरकारी दप्तरात नोंदले जातात, हे त्यातून उघड झाले. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. घरीच जन्मलेले आणि चार दिवसांत गेलेले मूल कित्येकदा कोणत्याच नोंदवहीत येत नाही. मजुरीसाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबातील बाळ ना मूळ गावाच्या यादीत सापडते, ना कामाच्या ठिकाणच्या. शिवाय मृत्यूंचा आकडा वाढला की विचारणा होते, या भीतीने खालच्या कर्मचाऱ्याचा हात आखडतो. वरून दटावणी जितकी कठोर, तितकी खालून येणारी माहिती सोज्वळ. ज्या दुकानात खोट सांगणाऱ्या गुमास्त्यालाच दंड होतो, तेथे खोट कळणारच नाही.

याला उपाय सापडलेला आहे, आणि तो मेळघाटाच्या जिल्ह्यातही आजमावला गेला आहे. राष्ट्रीय अभियानाअंतर्गत २००७ साली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. अमरावती त्यांपैकी एक. गावातील माणसांनीच विचारायचे : परिचारिका महिन्यातून किती वेळा आली? औषध केंद्रातून मिळाले की बाहेरून आणावे लागले? पैसे मागितले गेले का? उत्तरांनुसार प्रगतिपत्रक भरायचे. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल रंग. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही ते वाचता येते. नंतर जनसुनवाईत अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसतात. मुंबईत सचिवाला सहा महिन्यांनी कळणारी गोष्ट येथे त्याच दिवशी आरोग्य अधिकाऱ्यापुढे मांडली जाते. ही देखरेख न्यायालयाची जागा घेऊ शकत नाही. पण ती मृत्यूच्या आधी होते, हे तिचे मोल.

अर्थात देखरेखीने रिकामी खुर्ची भरत नाही. दुर्गम केंद्रांवर डॉक्टर टिकत नाहीत, स्त्रीरोग आणि बालरोग तज्ज्ञांच्या जागा रिक्त राहतात. राहण्यास धड घर नाही, मुलांसाठी शाळा नाही, मोबाईलला नीट संपर्क नाही. तेथे केवळ बदलीच्या आदेशाने माणूस कसा राहील? धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य वेचले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक व्हावे, परंतु सर्वांकडून तशा त्यागाची अपेक्षा धरून व्यवस्था उभारता येत नाही. साधारण माणसालाही जेथे प्रामाणिकपणे नोकरी करता येईल, अशी परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे काम आहे.

आणि आपले काम? औषधदानाची परंपरा आपल्या घराघरांत आहे. शिबिरे भरतात, रुग्णवाहिका भेट दिल्या जातात, फळवाटप होते. यातील भाव निर्मळ आहे. परंतु एका दिवसाच्या शिबिरात रक्तक्षय आढळलेल्या गर्भवतीकडे पुढच्या महिन्यात कोण जाते, हे आपण क्वचितच विचारतो. आपल्यातील जे रुग्ण कल्याण समित्यांवर आहेत किंवा पुढे असतील, त्यांनी सत्काराच्या बैठकीपेक्षा औषधसाठ्याच्या नोंदवहीत अधिक लक्ष घालावे. जून उजाडण्यापूर्वी केंद्रात चार महिन्यांचा साठा आहे का, येत्या पावसाळ्यात कोणकोणत्या गावांत बाळंतपणे अपेक्षित आहेत, त्या मातांना आधीच खाली आणण्याची सोय झाली आहे का, हे प्रश्न विचारण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. साठा, मागणी आणि पुरवठा यांचे गणित आपल्या हाडीमाशी मुरलेले आहे. परतवाडा आणि धारणीच्या बाजारात कोरकू ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. तेवढा परिचय सरकारी दप्तराजवळ नाही.

दान देताना हिशेब विचारणे यात कोतेपणा मुळीच नाही. आपल्या घरातील नवजात बाळाचे वजन, लसी, दूध यांची काळजी आपण जितक्या बारकाईने वाहतो, तितक्याच बारकाईने डोंगरावरील बाळाची नोंद व्हावी, एवढीच ही मागणी आहे. मेळघाटच्या वहीत आजवर खर्च पुष्कळ लिहिला गेला. यापुढे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू तीत खराखुरा उतरावा आणि येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यानंतर तो ताळा कोणीतरी मोठ्याने वाचावा.