प्रत झाली, पडताळणी झाली का?

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात आमच्या एका विद्यार्थ्याने आपली अडचण सांगितली. मुलासाठी विकत घेतलेल्या प्लेस्टेशन २ वरील खेळाची राखीव प्रत त्याने जुन्या संगणकावरून नव्या हार्ड डिस्कवर घेतली. फाइलचा आकार जुळला, म्हणून जुनी प्रत पुसून टाकली. पुढे ऐन रंगात आलेला खेळ थिजला. मूळ तबकडी चरे पडून आधीच निकामी झाली होती. ‘माझे काय चुकले?’ हा त्याचा प्रश्न आपल्या सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

चूक प्रत घेण्यात नव्हती. कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक आज्ञावलीची, ती नष्ट होऊ नये एवढ्याच हेतूने, राखीव प्रत करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. चूक झाली ती केवळ आकारावर विश्वास ठेवण्यात. मोठी फाइल उतरवताना संगणक बहुधा आधी पूर्ण जागा राखून ठेवतो आणि मग तीत मजकूर भरतो. सैल केबल, सदोष मेमरी किंवा घाईने उपसलेला ड्राइव्ह यांमुळे आतला काही भाग बिघडला, तरी आकार तोच दिसू शकतो. पांढरकवड्याच्या बाजारात कापूस नेणाऱ्या पालकांना हे वेगळे सांगायला नको: काट्यावर वजन जुळले म्हणून ओलावा आणि प्रत जुळली असे होत नाही.

मग आतला मजकूर तपासावा कसा? आपल्या आधार क्रमांकात याचे छोटे रूप आहे. त्याच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एक अंक चुकला, तर चूक तत्काळ उघड होते. फाइलसाठी याहून पुष्कळ सूक्ष्म गणित वापरतात, त्याला हॅश म्हणतात. ‘शा-२५६’ ही पद्धत कोणत्याही फाइलचा, ती लहान असो वा मोठी, ६४ चिन्हांचा ठसा काढते. फाइलमधील एक बिट जरी बदलला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका पालटतो. ‘एमडी५’ ही १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली जुनी पद्धत अपघाती बिघाड ओळखण्यास आजही पुरते. परंतु एकच ठसा देणाऱ्या दोन भिन्न फाइली घडवता येतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाल्याने मुद्दाम केलेल्या फेरफारापुढे ती विश्वासार्ह राहिलेली नाही.

कृती सोपी आहे. सेव्हन-झिप ही विनामूल्य आज्ञावली बसवली, की फाइलवर उजवी कळ दाबून हा ठसा काढता येतो. प्रथम मूळ फाइलचा ठसा काढून वहीत किंवा वेगळ्या फाइलीत नोंदवावा. मग प्रत घ्यावी, ड्राइव्ह रीतसर बाहेर काढून पुन्हा जोडावा आणि प्रतीचा ठसा काढावा. ड्राइव्ह पुन्हा न जोडल्यास संगणक आपल्या स्मृतीतील मजकूरच वाचून ‘सर्व ठीक’ म्हणण्याचा संभव असतो.

एक मर्यादा ध्यानी घ्यावी. दोन ठसे जुळले म्हणजे दोन फाइली समान आहेत, एवढेच ठरते. मूळ फाइल निर्दोष होती, हे ठरत नाही. त्यासाठी ‘रीडम्प’ या स्वयंसेवी प्रकल्पाने अनेक खेळांच्या तबकड्यांचे ठसे नोंदवून ठेवले आहेत. मात्र खेळातील आपली प्रगती साठवणारी फाइल प्रत्येकाची निराळी असते. तिचा ताळा केवळ आपल्याच नोंदीशी पाहता येतो.

हाच नियम वसतिगृहाच्या दिवसांतील छायाचित्रांनाही लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र आकसते. आपल्याकडील मूळ चित्र आणि आमच्याकडे पोहोचलेले चित्र मग एक राहत नाही. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आणि ठसे जुळेपर्यंत मूळ प्रत पुसू नये, एवढेच आमचे सर्वांना आग्रहाचे सांगणे आहे.