न्यूमोनिया आणि जस्त: एक प्रयोग पुरतो का?

लोखंडी बादली गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा देतात, हे आपण वर्गात शिकवतो. हेच जस्त आपल्या शरीरातही असते. प्रौढ माणसाच्या अंगात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम भरते, पण शेकडो विकरांचे काम त्याच्यावाचून अडते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना आणि श्वासनलिका व आतडे यांच्या अस्तराला, त्याची विशेष गरज असते. जस्त कमी पडले की लहान मुलांची वाढ खुंटते आणि ती वारंवार आजारी पडतात.

धान्यांत व कडधान्यांत जस्त असते, परंतु त्यांतील फायटेट त्याला धरून ठेवते आणि ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने फायटेट कमी होते. मटकीची उसळ आणि इडली यांचा हा एक फायदा.

आता न्यूमोनियाकडे वळू. या आजारात फुप्फुसांतील वायुकोशांत पू व द्रव साचतो आणि रक्ताला ऑक्सिजन पुरत नाही. मग प्रतिजैविकांच्या जोडीला जस्त दिले तर मूल लवकर बरे होईल का? तर्क पटण्यासारखा आहे. पण तर्क पटला म्हणजे औषध लागू पडले असे नव्हे.

यासाठी आजारी मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट करतात. प्रतिजैविके दोन्ही गटांना मिळतात. एका गटाला जस्त, तर दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण जस्त नसलेले औषध देतात. कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. त्यामुळे कोणाच्या आशेचा रंग निरीक्षणावर चढत नाही.

बांगलादेशातील मतलब येथे २७० मुलांवर असा प्रयोग झाला. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले: जस्त घेणाऱ्या मुलांचा तीव्र न्यूमोनिया साधारण ४ दिवसांत ओसरला, इतरांचा ५ दिवसांत. एक दिवस वाचला! पण २००६ साली वेल्लोरच्या २९९ मुलांचा अहवाल आला, त्यात एकंदरीत काहीच फरक आढळला नाही. उन्हाळ्यात तर जस्त घेणारी मुले उशिराने बरी झाली. २०१२ साली युगांडातील ३५२ मुलांच्या प्रयोगात बरे होण्याचा कालावधी तेवढाच राहिला, मात्र मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. हा लाभ मुख्यतः एचआयव्हीबाधित मुलांत दिसला.

मग खरे कोणते? प्रत्येक ठिकाणची मुले, त्यांचा आहार आणि न्यूमोनियाचे जंतू वेगळे असू शकतात. आणखी एक अडचण आहे. ताप आला की शरीर रक्तातील जस्त यकृताकडे वळवते. म्हणून आजारी मुलाच्या रक्तात जस्त कमी आढळले तरी त्याच्या शरीरात ते उणे आहेच असे म्हणता येत नाही.

प्रतिबंधाची गोष्ट निराळी आहे. दिल्लीच्या एका वस्तीतील मुलांना चार महिने रोज जस्त दिले, तेव्हा न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटल्याचे २००२ साली दिसून आले. अतिसारातही जस्ताचा उपयोग सिद्ध झाला आहे. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जलसंजीवनीसोबत १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस करतात. आधीपासूनची उणीव भरून काढणे आणि पेटलेला आजार विझवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

म्हणून न्यूमोनियात जस्ताच्या गोळीवर विसंबून वेळ घालवणे धोक्याचे आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन ही मोजणी आपले विद्यार्थीही शिकू शकतील.