पँटीची थैली, चुंगडीची थैली

बडनेऱ्याहून नेरच्या रस्त्याला लागलेल्या एसटीत शेजारच्या आजीबाईंच्या मांडीवर एक थैली होती. राखाडी टेरिकॉटची, जुनीच. पण तिला बाहेरून बटणाचा खिसा होता, पँटीला मागे असतो तोच. कंडक्टर आला तशी त्यांनी बटण काढलं, अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून दिले, तिकीट त्याच खिशात सरकवलं नि बटण लावून टाकलं. थैली कुठं शिवली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “नांदगावच्या बाजारात. आमच्या मालकाची पँट होय.” तेवढ्यावरून मी बाजाराच्या दिवशी नांदगाव खंडेश्वरला गेलो.

अमरावती जिल्ह्यात नांदगावं दोन. नांदगाव पेठेला एमआयडीसी आहे, कापडाचे मोठमोठे कारखाने आहेत. हे दुसरं, खंडेश्वराच्या देवळाचं. इथल्या बाजारात कापडाचा कारखाना म्हणजे कडेला ताडपत्रीखाली बसलेले एक काका आणि त्यांची पायमशीन. त्यांच्या भोवती दोन ढीग होते. एक जुन्या पँटींचा, दुसरा चुंगड्यांचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा: युरियाच्या, सरकी ढेपेच्या, तांदळाच्या. गिऱ्हाईक आपलं कापड किंवा चुंगडी घेऊन येतं, काका शिवून देतात. मजुरी 30 रुपये. त्यांच्या पदरची वस्तू असेल तर 40.

चुंगडीच्या तोंडाची शिवण साखळीची असते. बरोबर टोक सापडलं की धागा सर्रकन एका ओढीत निघतो. भलतं टोक ओढलं की गाठ. काकांना टोक बघावं लागत नाही, अंगठ्यालाच कळतं. मग कापणं. चुंगडी विणलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची, त्यामुळे कापली की कडेचे दोरे सुटायला लागतात. म्हणून कापलेली कड ते मेणबत्तीच्या ज्योतीवरून एका हातानं फिरवत नेतात. कड आवळते, काळी पडते, तिचा एक उग्र वास येतो. तो वास त्या कोपऱ्यात दिवसभर भरून असतो. शेजारी मिरच्या विकणाऱ्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “इथं बसान तं डोकं धरते.” आणि मिरचीच्या खकाण्यात त्या स्वतः आरामात बसल्या होत्या!

चुंगडी धुऊनच आणावी लागते. युरिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याची चुंगडी लवकर स्वच्छ निघते. काकांचा सल्ला असा की पहिलं पाणी फेकू नका, भरपूर पाणी घालून पातळ करा आणि झाडांना द्या. फवारणीच्या औषधासंगं ठेवलेली चुंगडी मात्र ते हातात घेत नाहीत. “कितीक धुवा, त्यात मी भाजीची थैली शिवत नाही,” एवढंच म्हणून ती त्यांनी एका माणसाला माझ्यासमोर परत दिली. तो थोडा नाराज होऊन गेला.

खरी कारागिरी बंदात आहे. दुकानातल्या थैलीचे बंद तोंडाशी जोडलेले असतात. सगळं वजन दोन-चार टाक्यांवर. काका बंदाची पट्टी तोंडापासून खाली नेतात, बुडाखालून घेतात आणि पलीकडच्या बाजूनं वर आणतात. म्हणजे पाच किलो कांदे पट्टीच उचलते, थैली नुसती धरून ठेवते. पट्टीसाठी जीन्सची दुहेरी शिवणीची कड सगळ्यांत चांगली. आणि बंदाची लांबी? त्यासाठी ते गिऱ्हाइकाला उभं करतात, हात सोडायला सांगतात आणि मूठ ते पिंढरी बघतात. बुटक्या बाईच्या हातात लांब बंद दिले, तर थैली रस्ता झाडत घरी जाते, हे त्यांचं म्हणणं. मोटारसायकलच्या हँडलला अडकवायची असेल तर हिशेब वेगळा, बंद आखूड.

मी तिथं असताना अमरावतीला एमएस्सी करणारी एक मुलगी आईबरोबर आली. आईला नव्या कोऱ्या मांजरपाटाची थैली हवी होती. मुलगी म्हणाली, नवी सुती थैली 131 वेळा वापरली, तरच ती एकदा वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या पातळ पन्नीच्या बरोबरीला येते. आकडा खरा आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या 2011 सालच्या अहवालात तो आहे, हवामानावरच्या परिणामापुरता. डेन्मार्कनं 2018 मध्ये असाच हिशेब केला. त्यात हवामानापुरता आकडा 52 निघाला आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरल्यावर थेट 7,100. कारण कापूस पिकवायलाच पाणी, खत, औषध इतकं लागतं.

काकांनी मशीन थांबवली. “131 बाजार म्हणजे अडीच वर्स झाले ना जी? मंग त्यात काय? माह्याजवळ सात-सात वर्साच्या थैल्या बंद बदलाले येतात.” मुलगी हसली, पण हरली नाही. म्हणाली, तुमच्या येतात. दुकानातून फुकट मिळालेल्या येतात का?

काकांच्या बाजूनं एक गोष्ट तिनं हिशेबात धरली नव्हती. ते 131 नव्या कापडासाठी आहेत. आजीबाईंच्या मालकांची पँट घालून, विटून, गुडघ्यात फाटून झालेली होती. तिचा कापूस केव्हाच वसूल झाला. तिची थैली करताना फक्त दोरा आणि काकांचे पाय लागले. शिवाय आपल्याकडचा कापूस बहुतेक कोरडवाहू. पाण्याचा बाहेरचा हिशेब त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. चिंध्या जोडून अंगावर घालणारे गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. त्यांना लोक गोधडेबुवा म्हणायचे. हा हिशेब त्यांना सांगायची गरज पडली नसती.

तिच्या आईच्या हातात एका कापड दुकानाची छापील थैली होती, ‘कापडी’ म्हणून मिळालेली. काकांनी तिचा तुटका बंद मागून घेतला, कोपरा कातरला आणि काडी लावली. कोपरा गळून थेंब पडला, काळा, टणक. वास तोच, मघाचा चुंगडीचा. “कायची कापडी? हे तं चुंगडीचीच बहीण होय.” खरंच आहे. ही न विणलेली थैली आणि चुंगडी, दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्या. न विणलेली थैली चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर सप्टेंबर 2021 पासून केंद्राच्या नियमानं तिच्यावर बंदी आहे. गंमत अशी की त्याच इंग्रजी अहवालात तिला 131 नव्हे, फक्त 11 वेळा वापर पुरतो. पण तिचे बंद शिवलेले नसतात, तापवून चिकटवलेले असतात, ते तिसऱ्या बाजारात सुटतात. दुरुस्त करून द्या म्हटलं तर काका नाही म्हणतात. सुई गेली की तिथूनच फाटत जाते. मग 11 तरी कुठून यायचे?

टेरिकॉटचं काय, असं मी विचारलं. त्यांनी त्याचीही चिंधी पेटवली. अर्धी राख झाली, अर्ध्याचा गोळा. “अर्धं हे, अर्धं ते,” म्हणाले. चुंगडीच्या थैलीचाही दोष त्यांनी लपवला नाही. वऱ्हाडच्या उन्हात ती दोरीवर टांगून ठेवली, तर एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो आणि पांढरे कण भाजीला लागतात. सावलीत वाळवा, म्हणतात.

महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी 23 मार्च 2018 ची. 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या पावसाळ्यात काकांना जेवायला फुरसत नव्हती. मग पन्नी हळूहळू परत आली. पुढं केंद्राचा 120 मायक्रॉनचा नियम 31 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, तरी बाजारात कोथिंबीर आजही त्याच फुंकरीनं उडणाऱ्या पन्नीत मिळते. दहा रुपयांची जुडी विकणाऱ्या बाईनं 5,000 चा दंड कुठून भरायचा, हा प्रश्न मला बंदीच्या बातम्यांत फारसा दिसला नाही. पन्नी तिला आवडते म्हणून ती ठेवत नाही. गिऱ्हाईक गाडीवरून रिकाम्या हातानं येतं आणि ‘पन्नी नाही?’ म्हणून पुढच्या दुकानाला जातं.

किराण्यात तर थैली बदलून फारसं काही हलत नाही. पूर्वी डाळ-साखर कागदाच्या पुड्यात, वर सुतळी. आता अर्धा-अर्धा किलोची पाकिटं आधीच बांधलेली. मी एका बाईंची भरलेली थैली पाहिली. बाहेरून झकास जीन्स, आत सगळी पाकिटंच.

विसरण्यावर मात्र काकांनी उपाय काढलाय. लहान थैली, तिच्या तोंडालाच नाडी. गुंडाळून नाडी आवळायची आणि गाडीच्या गार्डाला बांधून ठेवायची. “गाडी घरी विसरून तं येत नाही ना कोनी?” दुपारी पापळकडचा एक पोरगा ती उलटसुलट करून पाहत होता. काका 40 म्हणाले, तो म्हणाला, पन्नी फुकट भेटते. काकांनी उत्तर न देता थैली परत घेतली नि पुढची शिवायला घेतली. पोरगा गेला नाही. 35 वर जमलं. वर त्यानं खिसा मागितला, मोबाइलसाठी. काकांनी ढिगातून एक पँट ओढली, खिसा उसवला आणि त्याचे पाच रुपये वेगळे सांगितले.