मक्यांतील विषाचा शोध आणि चांदीचे सूक्ष्म कण

मालेगांवच्या बाजारांत दिवाळीच्या सुमारास नवा मका येऊं लागतो. परतीचा पाऊस लांबला म्हणजे कणसें शेतांतच भिजतात, दाण्यांत ओल राहते व ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाच्या बुरशीस आयतेंच फावतें. ती जें विष निर्माण करते त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या भागांत असाच भिजलेला मका खाऊन यकृताच्या विकारानें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तेव्हां हा प्रश्न केवळ भावाचा नाहीं.

या विषाचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. अतिनील प्रकाश पडला कीं तें स्वतः चमकूं लागतें. निळ्या चमकेच्या प्रकारास ‘बी’ व हिरव्या चमकेच्या प्रकारास ‘जी’ हीं नांवें इंग्रजी रंगनामांच्या आद्याक्षरांवरूनच पडलीं. भरडलेला मका अतिनील दिव्याखालीं धरून हिरवट-पिवळे ठिपके पाहण्याची रीतही जुनी आहे; परंतु ते ठिपके खुद्द विषाचे नसून त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्यापासून उद्भवतात. दिवा बुरशीची वर्दी देतो, विषाचें माप देत नाहीं.

आणि हवें असतें तें मापच. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें धान्यांत किलोमागें १५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक अफ्लाटॉक्सिन चालत नाहीं. म्हणजे हजार क्विंटल मक्यांत अवघें दीड ग्रॅम. एवढ्याशा द्रव्याची चमक ती किती असणार?

येथें धातूचे कण कामास येतात. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पन्नासएक नॅनोमीटर व्यासाच्या चांदीच्या कणावर योग्य रंगाचा प्रकाश पडला कीं त्यांतील मोकळे इलेक्ट्रॉन एका ठेक्यांत हेलकावे घेतात व कणाच्या अगदीं लगत प्रकाशाचा जोर अनेक पटींनीं वाढतो. तेथें असलेला चमकणारा रेणु अधिक प्रकाश घेतो व घेतलेला लौकर परत देतो. म्हणून तो उजळ दिसतो. मात्र तो धातूस चिकटला तर शक्ति धातूंतच मुरते व चमक विझते. बीं उघडें राहिलें तर पांखरें नेतात, फार खोल गेलें तर उगवत नाहीं. तसेंच हें आहे. सुमारें पांच ते दहा नॅनोमीटरांचें अंतर राखण्यासाठीं कणावर सिलिकेचा पातळ थर चढवितात. अशा अंतराचा परिणाम जर्मन शास्त्रज्ञ ड्रेक्सहेज यांनीं १९७० च्या सुमारास आरशावर थर बसवून मोजला होता. २००० नंतर अमेरिकेंत मेरीलंड येथें लाकोविच यांनीं त्यास जैव तपासणीचें रूप दिलें. पेशींचीं चित्रें घेण्यासही हीच युक्ति वापरतात.

हे कण घडविण्याची एक तऱ्हा मोठी मौजेची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले व तें काम २००३ सालीं प्रसिद्ध झालें. हरभऱ्यावर मर आणणारी बुरशी हिच्याच जातींतली!

बाजारांत मिळणाऱ्या तपासणीच्या पट्ट्यांत बहुधा सोन्याचे कण असतात, परंतु तेथें त्यांचा केवळ तांबडा रंग पाहावयाचा असतो. चमक वाढविणारीं साधनें अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळांत आहेत. तीं आपल्यापर्यंत आलीं तरी एक अडचण उरेलच. विष सर्व मालांत सारखें नसतें. एखाद्या कणसांत पुष्कळ, शेजारच्यांत मुळींच नाहीं. वरच्या पोत्यांतील मूठभर दाणे नेऊन चालत नाहीं. अनेक पोत्यांच्या तळांतून, मध्यांतून व वरून दाणे घेऊन, एकत्र दळून, त्या पिठांतूनच नमुना काढला पाहिजे.