काम आलं, ऑफिस आलं नाही

नवी मुंबईचा पहिला विचार नोकरीचाच होता. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, ती दक्षिण मुंबईकडे रोज लोटणारी गर्दी वळवण्यासाठी. कचेऱ्या पलीकडे नेल्या की माणसं आपोआप येतील, असा साधा हिशेब. १९७० साली हे शहर वसवायला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, पण मंत्रालय जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव टाकून आणखी टॉवर उठले. पनवेलजवळच्या कामोठ्याच्या वाट्याला आल्या, जमिनी गेलेल्यांना परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरच्या इमारती आणि मानसरोवर स्टेशन. लोकल १९९२ मध्ये वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोचली, आणि सकाळची व्हीटी पकडणं हा इथला मुख्य उद्योग होऊन बसला.

मग कचेऱ्यांत संगणक आला. त्याची भीती मात्र वेगळीच होती. तो नोकऱ्या खाणार, असं बँकांतल्या संघटना म्हणत होत्या. १९८३ च्या करारात त्यांनी यंत्रांना मोजकीच मोकळीक दिली, पुढे बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचे १९८४ आणि १९८९ चे अहवाल आले आणि दार हळूहळू उघडलं. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांमधून लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली, तेव्हा ती भीती अगदीच खोटी नव्हती असं म्हणायला हवं. मग कोअर बँकिंग आलं आणि खातं शाखेतून सुटलं. फोर्टच्या खात्याची नोंद कामोठ्यात बसून करता येऊ लागली. फोर्टात नेमणूक असलेला कामोठ्याचा क्लार्क मात्र फोर्टातच जात राहिला.

२००० नंतर ऐरोली, महापे, कोपरखैरणे या पट्ट्यात बॅक ऑफिसं आणि कॉल सेंटरं उभी राहिली. अंतर निम्म्यावर आलं, पण दिवसाची रात्र झाली. मे २००३ पासून मोबाइलवरचं इनकमिंग फुकट झालं होतं. रात्री पिकअपची क्वालिस बिल्डिंगखाली आली की ड्रायव्हर हॉर्न न वाजवता मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे खाली ये, लागोपाठ दोन म्हणजे बाकीचे खोळंबलेत.

या सगळ्याचा खरा परिणाम बघायचा तर आयटीवाल्यांकडे न बघता शेजारच्या कळंबोलीत लोखंड बाजारात जावं. तिथल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात पूर्वी टेबलावर मालाच्या पावत्यांचं बिल्टीबुक, पानांमध्ये कार्बन आणि एक फोन, एवढाच जामानिमा असे. गाडी माल भरून निघाली की ती पोचल्याचा फोन ड्रायव्हर एखाद्या एसटीडी बूथवरून करायचा. मधले दोन दिवस ती कुठे आहे, हे तो आणि देव जाणे. धुळ्याजवळ टायर फुटला म्हणून सांगावं आणि वाटेतल्या गावी बायकापोरांत एक रात्र काढावी, एवढी सवड त्या अंधारात होती. शेठलाही ते कळत असे. तो चार शिव्या देई आणि विषय संपे.

मोबाइल आला, मग जीपीएस. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या, पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवरून काढायचा वाहतुकीचा दाखला, सक्तीचं झालं. त्याची मुदत किलोमीटरवर ठरते: आधी शंभर किलोमीटरला एक दिवस, जानेवारी २०२१ पासून दोनशेला. म्हणजे दिवसाला किती पल्ला मारायचा हे आता पोर्टल ठरवतं. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅगची सक्ती आली आणि टोलनाक्यावरची वेळही नोंदली जाऊ लागली. चाळीस मिनिटं गाडी का उभी, असा फोन ड्रायव्हरला जेवणाच्या ताटावर येतो. आणि ऑफिसातला क्लार्क? घाटात गाडी बिघडून मुदत टळायची वेळ आली, तर ती वाढवून घ्यायला तो रात्री अकराला घरी लॅपटॉप उघडतो. ऑफिस सातलाच बंद झालेलं असतं. या जादा कामाचे पैसे मागायची पद्धत या धंद्यात अजून पडलेली नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, आणि सरसकट सगळ्यांना ठरावीक वेळांत चढायला मिळालं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात कामोठ्यातल्या वन बीएचकेंमध्ये बँका, विमा कंपन्या, अमेरिकन ग्राहक सगळे एकदम घुसले. हे आधीच का झालं नव्हतं? इंटरनेट तर घरोघर होतं. कॉल सेंटरांच्या बाबतीत अडलं होतं कागदावर: घरून फोन घ्यायचे तर दूरसंचार विभागाच्या परवानग्या आणि बँक हमी लागत. मार्चमध्ये त्यात सूट मिळाली आणि ५ नोव्हेंबर २०२० ला ती नियमावलीच बरीचशी गुंडाळली गेली.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या आराखड्याला जे जमलं नाही, ते एका साथीनं आठवड्याभरात करून दाखवलं. पण कसं? मीटिंग नेमकी पाणी यायच्या वेळी. सोसायटीच्या ग्रुपवर ‘टाकी भरली नाही, जपून वापरा’, बॉसच्या ग्रुपवर ‘कॅमेरा ऑन करा’. खुर्ची स्वतःची, वीज स्वतःची, डेटा स्वतःचा. प्रवासाचे वाचलेले दोन-अडीच तास कंपनीनं कधी आपल्या खात्यात वळते केले, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. याच काळात धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मात्र ‘उद्यापासून नको’ एवढा एक व्हॉट्सअॅप मेसेज आला. त्यांचं काम घरातलंच, पण दुसऱ्यांच्या.

आता बहुतेकांना आठवड्यातले तीन दिवस तरी बोलावणं आहे. गाडीची गर्दी परतली, आणि घरातलं ऑफिसही उठलं नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या मेल पाठवणारा माणूस ड्युटीवर आहे की प्रवासात, हे त्याच्या पगारपत्रकावरून सांगता येणार नाही.

कामोठ्याच्या सर्वांत जवळचा नवा मोठा रोजगार आला तो भलत्याच बाजूनं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. सामान चढवणं, सुरक्षा, सफाई, खानपान यातलं काहीच घरून होत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना तिथं किती जागा, हा वाद गावागावांत चालू आहे. अर्ज मात्र ऑनलाइनच भरायचे असतात, आणि नोकरी लागलीच तर शिफ्टचा तक्ताही मोबाइलवरच येईल. पहाटेच्या शिफ्टला कामोठ्यातून बस कोणती, एवढंच त्या तक्त्यात नसेल.