चौदा वर्षांनंतरचे वय

दिवाळी उलटली, नाचणी-वरीची कापणी आटोपली, की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांवरून माणसांची रीघ भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांच्या वाटेला लागते. तीत चौदा-पंधरा वर्षांची मुलेमुलीही असतात. त्यांना आता कोणी बालक म्हणत नाही. प्रौढाचे अधिकार मात्र त्यांना मिळालेले नसतात.

स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली पौगंडावस्थेवर आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढील संशोधनाने हे स्पष्ट केले की, या वयात शरीर, बुद्धी, भावना आणि सामाजिक जाण एका पावलाने वाढत नाहीत. संयम व विवेक यांचा सांभाळ करणारा मेंदूचा भाग तर विशी ओलांडल्यावरही पक्व होत राहतो.

आपल्याकडे ही विषमता परिस्थितीने अधिकच तीव्र केली आहे. भट्टीवरची मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. तेव्हा घरातला प्रत्येक हात मोलाचा ठरतो. श्रम प्रौढाचे, अन्न अपुरे आणि शाळा तुटलेली! मुलीच्या वाट्याला तर कायद्याने ठरविलेल्या १८ वर्षांपूर्वीच संसार येण्याचा धोका असतो. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या आणि २०१६ मध्ये मोखाड्याच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हळहळला; पण कुपोषित बालकाची आई अनेकदा काल-परवाची अर्धपोटी किशोरीच असते, याचा विचार किती झाला?

आश्रमशाळा आहेत, आणि कित्येक घरांतील पहिल्या पिढीला त्यांनीच अक्षर दिले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी ६ ते १४ वर्षांपुरती आहे. म्हणजे अवघड वय जेथे सुरू होते, तेथेच ती संपते.

याच जिल्ह्यातील कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने त्याच्याकडे जावे, हे ते साधे तत्त्व होय. तेच किशोरांना का लागू होऊ नये? स्थलांतराच्या हंगामात मागे राहणाऱ्यांना वसतिगृह, भट्टीवर जाणाऱ्यांना तेथे शिक्षण, पालकांना गावातच वेळेवर काम आणि १८ वर्षांपर्यंत शिक्षणाची हमी, एवढे तरी व्हावयास हवे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही.

दिवाळीनंतर वर्गातला एखादा बाक रिकामा होतो. हजेरीपटावर त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. ते मूल कोठे गेले, हे विचारणे हे शिक्षकाचे आणि समाजाचेही कर्तव्य आहे.